परभाषेच्या उंबरठ्यावर : इटालियन शिकणाऱ्यांचे लेखन आणि आपला प्रवासवर्णनविचार

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना आपली समीक्षा काही ठरावीक प्रश्न विचारते. लेखकाने काय पाहिले, पाहिलेले किती चित्रमय शैलीत मांडले, त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा ठसा लेखनावर कितपत उमटला, माहिती आणि लालित्य यांचा मेळ साधला की नाही, हे ते प्रश्न. पदव्युत्तर वर्गातील टिपणांपासून प्रबंधांपर्यंत हीच चौकट थोड्याफार फरकाने आढळते. तिच्यात एका साध्या प्रश्नाला जागा नाही : लेखक तेथील माणसांशी कोणत्या भाषेत बोलला? युरोपवरील मराठी लेखनापुरते या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'इंग्रजीत' असेच येते, आणि ते इतके गृहीत धरलेले असते की त्याची वेगळी नोंदही होत नाही. परिणाम मात्र लेखनात सर्वत्र उतरतो. जेथे इंग्रजी ही घरची भाषा नाही अशा देशात इंग्रजीच्या आधाराने वावरणाऱ्याला वाटाड्या, हॉटेलचा व्यवस्थापक, सहप्रवासी आणि एखादा आतिथ्यशील प्राध्यापक एवढीच माणसे भेटतात. भाजीवाली, जिन्यात भेटणारी शेजारीण, टपालकचेरीतला कारकून ही माणसे दिसतात, पण बोलत नाहीत. त्यांना असे मुके ठेवून मग त्यांच्या 'लोकजीवना'चे वर्णन केले जाते.

या अडचणीतून बाहेर पडायचे तर प्रवास आणि निवास यांत भेद करावा लागेल, आणि निवासातही तेथील भाषा शिकत केलेला निवास हा स्वतंत्र प्रकार मानावा लागेल. असा भेद मराठीला अगदीच अपरिचित आहे असे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे नावच 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' असे आहे. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. १८८३ मध्ये इंग्लंडला जाऊन तेथे इंग्रजी पक्के करणाऱ्या आणि पुढे १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहिलेल्या रमाबाईंना आपण केवळ देश पाहून आलो नाही याची जाण होती. नंतरच्या काळात त्या नावातला उत्तरार्धच वाङ्मयप्रकार म्हणून वाढला आणि पूर्वार्ध समाजशास्त्राकडे सोपवला गेला. ही वाटणी कोणी ठरवून केली नाही, पण तिच्यामुळे निवासाच्या लेखनाला आपल्याकडे घर उरले नाही.

इटलीत राहून इटालियन शिकणाऱ्यांनी केलेले लेखन या संदर्भात विशेष उपयोगी पडते. इंग्रजी किंवा फ्रेंच शिकणाऱ्याच्या मागे साम्राज्याचा इतिहास, नोकरीची शक्यता, विद्यापीठीय प्रतिष्ठा अशी अनेक कारणे उभी असतात. इटालियनचे तसे नाही. ती जगाच्या एका छोट्या भूभागावरची भाषा आहे. ती शिकायची तर मुख्यत: तेथे राहण्यासाठी, तेथले वाचण्यासाठी, किंवा तेथे राहणे भागच पडले म्हणून. परदेशी विद्यार्थ्यांना इटालियन शिकवण्याचे वर्ग सिएना येथे १९१७ मध्ये आणि पेरूजा येथे १९२१ मध्ये सुरू झाले. पेरूजाच्या वर्गांना १९२५ मध्ये विद्यापीठाचे रूप मिळाले. ही दोन्ही लहान, टेकडीवरची, तटबंदीची गावे आहेत. सकाळी वर्गात क्रियापदे घोकावीत आणि दुपारी तीच गावात वापरून पाहावीत, अशी त्यांची सोय आहे. भाषा शिकण्यासाठी मोठे शहर लागत नाही, उलट जेथे तोच दुकानदार रोज भेटतो ते गाव बरे, हा अनुभव येथे शतकभर चालत आलेला आहे.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की इटालियन ही इटालियनांनादेखील फार काळ शिकूनच घ्यावी लागलेली भाषा आहे. १८६१ मध्ये देशाचे एकीकरण झाले तेव्हा लोकसंख्येपैकी किती लोकांना ही भाषा येत होती याविषयी भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकीकृत इटलीच्या भाषिक इतिहासात हे प्रमाण सुमारे अडीच टक्के धरले. आर्रिगो कास्तेल्लानी यांनी पुढे ते दहा टक्क्यांच्या आसपास नेले. मोठा आकडा घेतला तरी दहांपैकी नऊ माणसे घरात, शेतात, बाजारात आपापली बोलीच बोलत होती. व्हेनिसची, नेपल्सची, सिसिलीची बोली म्हणजे इटालियनचे बिघडलेले रूप नव्हे. लॅटिनपासून स्वतंत्रपणे उतरलेल्या त्या भाषा आहेत.

आलेस्सांद्रो मान्झोनी हा मिलानचा. त्याच्या घरात मिलानी बोली आणि फ्रेंच चाले. त्याच्या 'इ प्रोमेस्सी स्पोझी' या कादंबरीची पहिली आवृत्ती १८२७ मध्ये पुरी झाली, आणि त्याच वर्षी तो कुटुंबासह फ्लॉरेन्सला गेला. पुस्तकांतून शिकलेली इटालियन त्याला पुरेशी जिवंत वाटत नव्हती. शहरातील माणसे आज कशी बोलतात ते त्याला ऐकायचे होते. आर्नो ही फ्लॉरेन्सची नदी, आणि तिच्यात कपडे खंगाळून आणणे हा या प्रसंगावरून रूढ झालेला वाक्प्रचार इटालियनमध्ये आजही भाषा शुद्ध करून घेण्याच्या अर्थाने वापरला जातो. पुढे एमिलिया लूती या फ्लॉरेन्सच्या स्त्रीला शब्द आणि वळणे विचारविचारून त्याने सगळी कादंबरी पुन्हा घडवली आणि १८४० ते १८४२ मध्ये तिची अंतिम आवृत्ती निघाली. इटालियन गद्याचा पाया म्हणून जी कादंबरी शाळाशाळांतून शिकवली जाते ती अशा रीतीने एका शिकाऊ माणसाने परगावी मुक्काम करून आणि एका बाईला विचारून लिहिली आहे. साहित्येतिहासाच्या पुस्तकांत मान्झोनीला मिळणाऱ्या जागेच्या मानाने लूतीबाईंना मिळणारी जागा फारच थोडी असते, हेही जाता जाता नोंदवावे.

पासोलिनीचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. जन्म बोलोन्याचा, पहिला कवितासंग्रह १९४२ मध्ये आईच्या गावच्या फ्रिउलियन बोलीत. १९५० मध्ये तो रोमला आला आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांतील पोरांची रोमन बोली शिकू लागला. 'रागात्सी दि व्हीता' (१९५५) या कादंबरीच्या शेवटी त्या बोलीतील शब्दांचा कोश जोडलेला आहे. मान्झोनी बोलीकडून प्रमाणभाषेकडे गेला, पासोलिनी शिक्षिताच्या भाषेकडून वस्तीच्या बोलीकडे. दोघांनीही त्यासाठी आपले गाव सोडले आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहण्याची शिकाऊ वृत्ती पत्करली. तेव्हा परदेशातून येऊन इटालियन शिकणारा लेखक हा या साहित्याच्या परंपरेत उपरा ठरत नाही. ती परंपराच शिकून आलेल्यांची आहे.

आता शिकाऊ माणसाला काय दिसते ते पाहू. इटलीतल्या बारमध्ये, म्हणजे आपल्या चहाच्या हॉटेलाशी अधिक जवळ असलेल्या जागेत, अनेक ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि मग फळीशी उभे राहून कॉफी मागायची अशी रीत असते. गल्ल्याला 'कास्सा' म्हणतात आणि घराला 'कासा'. एका सकाराच्या द्वित्ताने घराचा गल्ला होतो. प्रवासी अशा ठिकाणी बोटाने दाखवून भागवतो आणि पुढच्या चर्चकडे जातो. शिकाऊ माणूस अडखळतो, दुरुस्त केला जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. फळीमागच्या माणसाने त्याला कोणत्या दिवशी 'लेइ' सोडून 'तू' म्हटले हे त्याच्या लक्षात राहते. 'लेइ' म्हणजे आपले आदरार्थी 'आपण'. त्याचे मूळ तृतीयपुरुषी स्त्रीलिंगी सर्वनामात आहे. समोरच्या पुरुषालाही व्याकरणदृष्ट्या 'ती' म्हणून संबोधण्यात जे अंतर राखले जाते त्याची चव इंग्रजीच्या एकाच सर्वनामातून कळणे शक्य नाही. तू, तुम्ही आणि आपण यांचे हिशेब लहानपणापासून ठेवणाऱ्या मराठी माणसाला ते लगेच कळते.

'पेर्मेस्सो' हा शब्द तर या सगळ्या अनुभवाचे सूत्रच मानता येईल. गर्दीच्या बसमध्ये वाट मागताना तो उच्चारतात. कोणाच्या घरात पाऊल टाकताना, दार उघडे असले आणि बोलावणे आलेले असले तरीही, उंबरठ्यावर थांबून 'पेर्मेस्सो?' म्हणायची पद्धत आहे. आपल्याकडच्या 'येऊ का?' सारखीच. आणि परदेशी माणसाला देशात राहण्यासाठी पोलीस कचेरीतून जो परवाना काढावा लागतो त्याच्या नावातही हाच शब्द आहे : 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो', निवासाची परवानगी. परदेशी विद्यार्थ्याने देशात आल्यापासून आठ कामकाजी दिवसांत टपालकचेरीतून अर्ज भरायचा, तंबाखूच्या दुकानातून मुद्रांक आणून चिकटवायचा, मग ठसे देण्यासाठी बोलावणे येण्याची वाट पाहायची. एकच शब्द एका बाजूला सौजन्य आणि दुसऱ्या बाजूला सत्ता. वर्गात तो पहिल्या धड्यातच भेटतो, पण त्याचे हे दोन चेहरे एकत्र दिसायला तेथे राहावेच लागते. भाषाशिक्षणातून मिळणारे लोकजीवनाचे ज्ञान हे असे असते. ते संग्रहालयात नसते.

हे ज्ञान साहित्यात कसे उतरते याचे अलीकडचे सर्वांत चर्चित उदाहरण म्हणजे झुंपा लाहिरी. लंडनमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या, घरी बंगाली बोलणाऱ्या आणि इंग्रजी कथालेखनासाठी २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळवलेल्या या लेखिकेने १९९४ मध्ये फ्लॉरेन्सला पहिली भेट दिली. पुढची अनेक वर्षे त्या अमेरिकेत राहून शिकवणीवर इटालियन शिकत राहिल्या. २०१२ मध्ये त्या कुटुंबासह रोमला राहायला गेल्या. जाण्याच्या काही महिने आधीच त्यांनी इंग्रजी वाचन थांबवले होते. तेथे 'इन्तेर्नात्सिओनाले' या साप्ताहिकात त्यांनी इटालियनमध्ये लिहिलेले छोटे लेख २०१५ मध्ये 'इन आल्त्रे पारोले' या नावाने पुस्तकरूपाने आले. २०१६ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला तो त्यांनी स्वत: केला नाही, ॲन गोल्डस्टीन यांनी केला. ज्या भाषेत कीर्ती मिळाली त्या भाषेत आपलेच पुस्तक परके म्हणून परत येऊ देणे, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही.

या पुस्तकाचे स्वागत बहुतेकांनी 'भाषिक स्वातंत्र्याचा आविष्कार' म्हणून केले. या मताला काही मर्यादा घालणे आवश्यक आहे. 'इन आल्त्रे पारोले' हे शब्दकोश, वह्या, क्रियापदांचे काळ, चुका यांविषयीचे अत्यंत प्रामाणिक पुस्तक आहे. अपूर्ण भूतकाळ कोठे वापरावा आणि पूर्ण कोठे, या एका प्रश्नावर त्यात एक पूर्ण प्रकरण आहे, आणि ते कंटाळवाणे होत नाही. परंतु ज्या शहरात राहून ते लिहिले गेले ते रोम त्यात फार पुसट आहे. शेजारी, बाजार, कचेऱ्या, शाळा यांचे आवाज अधूनमधूनच येतात. लेखिका भाषेच्या इतकी प्रेमात आहे की भाषा बोलणारी माणसे मागे पडली आहेत. प्रवासवर्णनकार माणसांना मुके करतो म्हणून त्याला दोष द्यायचा, तर एकान्तात वही भरणाऱ्या विद्यार्थिनीलाही तो प्रश्न विचारला पाहिजे.

याला अपवाद आहे तो भिंतीवरील प्रकरणाचा. सालेर्नोतील एका दुकानात लेखिका विक्रेतीशी बराच वेळ इटालियनमध्ये बोलते. नंतर पतीला त्या भाषेत चार शब्द बोलताना ऐकून ती विक्रेती त्यालाच इटालियन समजते. त्याचे नाव आणि चेहरामोहरा तेथल्यासारखा आहे, लेखिकेचा नाही. वस्तुत: भाषा कितीतरी अधिक येते ती लेखिकेला. येथे पुस्तक एकदम रस्त्यावर येते. भाषा शिकता येते, पण तुमच्या तोंडून ती ऐकायची की नाही हे समोरचा तुमच्या वर्णावरून आधीच ठरवून बसलेला असतो, हे दु:ख व्याकरणाच्या कोणत्याही प्रकरणापेक्षा खोल आहे.

लाहिरी यांचे पुढचे लेखन या कसोटीवर अधिक सरस वाटते. 'दोव्हे मी त्रोव्हो' (२०१८) या कादंबरीत निनावी शहरात एकटी राहणारी निनावी स्त्री आहे. शेहेचाळीस लहान प्रकरणे आहेत आणि त्यांतील बहुतेकांची शीर्षके स्थळदर्शक आहेत : फूटपाथवर, रस्त्यात, कचेरीत, खाणावळीत, आपल्याशीच. इटालियन शिकणाऱ्याला सर्वांत छळतात ती शब्दयोगी अव्यये. गावाला जायचे तर एक, देशाला जायचे तर दुसरे, दंतवैद्याकडे जायचे तर तिसरे. विद्यार्थ्याला छळणारा व्याकरणाचा तोच भाग येथे कादंबरीचा सांगाडा झाला आहे. शिकाऊ भाषेच्या मर्यादेतून आकार निघावा तो असा. वाक्ये छोटी आहेत, विशेषणे मोजकी आहेत आणि ही काटकसर पात्राच्या स्वभावाशी जुळते. 'राक्कोन्ती रोमानी' (२०२२) या कथासंग्रहाने आल्बेर्तो मोराव्हिया यांच्या १९५४ च्या प्रसिद्ध संग्रहाचे नाव जाणूनबुजून घेतले आहे. त्यात परदेशी, स्थलांतरित, नकोसे झालेले रहिवासी मोठ्या संख्येने येतात. एका कथेत शहरातील एक दगडी जिना आणि त्यावरून रोज चढउतार करणारी निरनिराळ्या थरांतील माणसे एवढाच विषय आहे. रोममध्ये पाय ठेवल्यापासून या कथांपर्यंत यायला दहा वर्षे लागली. शेजारी ऐकू येण्यासाठी कदाचित इतका काळ लागतोच.

तरीही लाहिरी यांचा निवास हा निवडलेला निवास होता, आणि त्यावरून सर्व शिकाऊंविषयी बोलणे घाईचे ठरेल. २०१२ हे त्यांचे रोमला येण्याचे वर्ष. त्याच वर्षी १० मार्चपासून इटलीत नव्याने येणाऱ्या स्थलांतरितांसाठी 'एकात्मीकरण करार' लागू झाला. परवाना मागणाऱ्याने सही करायची, सुरुवातीला खात्यावर सोळा गुण धरले जायचे आणि दोन वर्षांत ते तीसपर्यंत न्यायचे. त्यासाठी बोलली जाणारी इटालियन प्राथमिक पातळीवर येत असल्याचे दाखवायचे. दीर्घ मुदतीच्या परवान्यासाठी भाषेची परीक्षा २०१० च्या आदेशानेच आली होती. २०१८ मध्ये नागरिकत्वासाठी त्याहून वरची पातळी आवश्यक ठरली. लोंबार्दी आणि एमिलियातील गोठ्यांत काम करणाऱ्या पंजाबी माणसाला, किंवा वृद्धांची सेवा करायला आलेल्या युक्रेनच्या बाईला, इटालियन हे प्रेमप्रकरण नाही. ते गुणपत्रक आहे. याचा अर्थ त्यांना भाषेविषयी ओढ वाटत नाही असा मुळीच नव्हे. मात्र त्यांच्या ओढीला कोणी 'स्वातंत्र्य' म्हणत नाही.

या दुसऱ्या वर्गातून आलेले इटालियन लेखन १९९० पासून ठळकपणे दिसू लागले. त्या वर्षी सेनेगलच्या पाप खूमा आणि ट्युनिशियाच्या सालाह मेथ्नानी यांची पुस्तके प्रसिद्ध झाली, दोन्ही इटालियन पत्रकार-लेखकांच्या सहकार्याने लिहिलेली. लवकरच सहलेखकाची गरज उरली नाही. १९९५ मध्ये अल्जीरियातून आलेले आमारा लाखूस यांनी अरबीत लिहिलेली आपली कादंबरी इटालियनमध्ये पुन्हा लिहून २००६ मध्ये प्रसिद्ध केली. रोमच्या व्हित्तोरिओ चौकातील एका इमारतीत लिफ्टमध्ये खून होतो आणि प्रत्येक रहिवासी आपापली साक्ष देतो, अशी तिची रचना आहे. आमेदेओ या पात्राची इटालियन इतकी सफाईदार आहे की शेजाऱ्यांना तो इटालियनच वाटतो. प्रत्यक्षात तो अहमद आहे. सालेर्नोच्या दुकानातील प्रसंगाची ही उलटी बाजू. तेथे भाषा असूनही माणूस आत घेतला जात नाही, येथे भाषेच्या जोरावर माणूस आत जातो आणि त्याची किंमत नावाने चुकवतो. लाहिरी आणि लाखूस ही दोन पुस्तके एकत्र शिकवावीत इतकी ती एकमेकांना पूरक आहेत.

मराठी वाचकाच्या दृष्टीने लैला वाडिया यांचे नाव अधिक जवळचे. त्यांचा जन्म १९६६ मध्ये मुंबईत झाला. त्या त्रिएस्ते येथे राहतात आणि इटालियनमध्ये लिहितात. त्यांच्या 'आमीके पेर ला पेल्ले' (२००७) या कादंबरीत त्रिएस्तेतील एका मोडकळीला आलेल्या इमारतीत वेगवेगळ्या देशांतून आलेली कुटुंबे राहतात. निवेदन भारतीय स्त्रीचे आहे आणि बायकांचे इटालियन शिकणे हा कथानकाचाच एक धागा आहे. शीर्षक म्हणजे इटालियनमधला रूढ वाक्प्रचार, आपल्या 'जिवाभावाच्या मैत्रिणी'सारखा. पण त्यात शब्दश: 'कातडी' आहे, आणि परक्या रंगाच्या बायकांच्या गोष्टीला ते नाव देताना लेखिकेने तो वाक्प्रचार असा वळवला आहे की जन्मत: इटालियन बोलणाऱ्याला त्यातली कातडी पहिल्यांदाच दिसावी. भाषा उशिरा शिकलेल्या माणसाला वाक्प्रचार शब्दश: ऐकू येतात. भाषेत जन्मलेल्याच्या कानाला ती सवय राहिलेली नसते. शिकाऊ लेखकाची भाषा दरिद्री असते हा आक्षेप ज्यांना मोठा वाटतो त्यांनी हे एक शीर्षक विचारात घ्यावे.

आपल्याकडे या प्रकारचे काहीच नाही असे समजण्याचे कारण नाही. फादर स्टीफन्स हा इंग्रज १५७५ मध्ये रोम येथे येशूसंघात दाखल झाला, १५७९ मध्ये गोव्याला आला, सासष्टीत राहिला, आणि १६१६ मध्ये त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. शिकलेल्या भाषेत एवढी मोठी रचना करणारा लेखक मराठीच्या इतिहासात आहे, आणि तरी त्याच्याकडे आपण धर्मप्रसाराच्या प्रकरणात पाहतो, भाषानिवासाच्या प्रकरणात नाही. अलीकडच्या काळात पु. ल. देशपांडे यांनी वयाच्या पन्नाशीत शांतिनिकेतनात राहून बंगाली शिकण्याचा घाट घातला आणि त्यातून 'वंगचित्रे' (१९७४) हे पुस्तक आले. 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'वंगचित्रे' ही दोन्ही पुस्तके एकाच लेखकाची आणि दोन्ही विनोदाच्या अंगाने जाणारी. त्यांतील अंतर लेखकाच्या वयाने किंवा स्थळाच्या फरकाने समजत नाही, ते लेखकाने पत्करलेल्या विद्यार्थीदशेने समजते. प्रबंधांतून मात्र ही दोन पुस्तके एकाच यादीत, एकाखाली एक येतात. देशीवादाच्या चर्चेनंतर परदेशी अनुभवाकडे संशयाने पाहण्याची जी सवय लागली तिनेही याबाबत मदत केली नाही. परकी भाषा शिकणारा माणूस देशीपणापासून दूर जातो असे सरसकट मानले गेले. वास्तविक परक्या गावची बोली कानाने टिपणारा लेखक स्वत:च्या बोलीकडेही नव्या कानाने परततो. पासोलिनीचे उदाहरण वर आलेच आहे.

इटलीशी मराठीचा संबंध तर बहुतांशी इंग्रजीच्या मध्यस्थीने आला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले सावरकरांचे मॅझिनीवरील पुस्तक हे त्याचे गाजलेले उदाहरण. मीना प्रभू यांनी 'रोमराज्य'मध्ये इटलीचे ऐसपैस दर्शन घडवले, पण इटालियन साहित्य थेट मराठीत आणण्याची परंपरा उभी राहिली नाही. तेव्हाच्या परिस्थितीत इंग्रजीची वाट ही एकमेव वाट होती, हे मान्य करावे लागेल. आज ती तशी नाही, तरी आपले विद्यार्थी इटालियन शिकतात तेही इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून, आणि मग त्यांना फुकटची वळसे घालणारी वाट चालावी लागते. 'मी प्याचे' ही रचना इंग्रजी भाषकाला उलटीसुलटी वाटते. आवडणारी वस्तू कर्ता आणि आवडणारा माणूस संप्रदानात, हे त्याला पानेच्या पाने समजावून सांगावे लागते. मराठी माणसाने फक्त 'मला आवडते' असे म्हणावे, रचना तीच आहे. अपूर्ण भूतकाळाचा जो गुंता सोडवण्यात लाहिरी यांनी एक प्रकरण खर्च केले त्याचा बराच भाग 'गेलो' आणि 'जात असे' या भेदातून उलगडतो. द्वित्त व्यंजने 'पता' आणि 'पत्ता' वेगळे ऐकणाऱ्याला शिकवावी लागत नाहीत. दंत्य त आणि द आपलेच आहेत. 'चमचा'तला च ज्याला येतो त्याला इटालियन 'त्स' जड जाऊ नये. इतके असूनही त्या पदार्थाला आपण इंग्रजी लिपीवरून वाचून 'पिझ्झा' म्हणतो, हा भाग वेगळा.

हाच वळसा अनुवादातही पडतो. 'दोव्हे मी त्रोव्हो' या कादंबरीचा इंग्रजी अवतार लाहिरी यांनी २०२१ मध्ये स्वत: सिद्ध केला आणि त्याला 'व्हेअरअबाउट्स' असे नाव दिले. इंग्रजीत ते नाव समर्पक आहे, पण ते नाम आहे, त्यात क्रियापद राहिलेले नाही. मूळ शीर्षकात 'त्रोव्हार्सी' हे क्रियापद आहे. 'एखाद्या ठिकाणी असणे' हा त्याचा रोजचा अर्थ, आणि 'स्वत:ला सापडणे' हा त्याच शब्दात दडलेला दुसरा. इंग्रजीवरून मराठी करणारा अनुवादक 'ठावठिकाणा' असा शब्द घेईल आणि त्याला दोष देता येणार नाही. इटालियनवरून करणाऱ्यापुढे मात्र 'मी कुठे आहे', 'मी कुठे सापडते' आणि 'मी मला कुठे सापडते' असे तीन पर्याय उभे राहतील, आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे ठरवण्यासाठी त्याला ते क्रियापद टपालकचेरीच्या रांगेत, बसथांब्यावर, दूरध्वनीवर लोक कसे वापरतात ते आठवावे लागेल.